बादलीचा तळ

आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट, अशा दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा मी दिल्या. पुढे ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केलं आणि आता वीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते आहे. पेपर देताना आणि शिकवताना जे हाती लागलं, ते हे.

१. माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा.

वस्तुचित्राच्या सरावाला चित्रकलेच्या बाईंनी टेबलावर जस्ताची बादली आणि दोन कांदे मांडले होते. मी तोंडाचा लंबगोल नीट काढला आणि तळाला सरळ आडवी रेघ ओढली. बादली टेबलावर टेकते, म्हणजे तळ सपाट, हे मला पाठ होतं. बाईंनी चित्रावर हात फिरवला नाही. म्हणाल्या, "पेन्सिल खाली ठेव आणि तळाची कड बघ."

बघितली. ती चांगलीच वाकलेली होती, तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त. तोंड डोळ्यांच्या पातळीच्या जवळ होतं म्हणून त्याचा गोल चपटा दिसत होता. तळ त्या पातळीपासून आणखी खाली, म्हणून त्याचा गोल जास्त उघडा. उरलेला तास मी नुसती बघत बसले. घरी गेल्यावर तांब्या, पिठाचा डबा, पाण्याचं पिंप, सगळ्यांचे तळ वाकलेले निघाले. रोज हाताळलेल्या वस्तू मी तोवर पाहिल्याच नव्हत्या, याचं मला रडू येईल इतकं वाईट वाटलं.

२. स्मरणचित्राची तयारी घराबाहेर होते.

'आठवडी बाजार' हा विषय आला की मुलं पाठ केलेली तीच बाई, तीच पाटी, तोच छत्रीवाला काढतात. मीही काढायची. माझ्या चित्रातली पोरं म्हणजे बुटकी मोठी माणसंच असायची. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट, चार-पाच वर्षांच्या मुलाची साधारण पाच पट, हे बाईंनी सांगितलं होतं. पण पटलं ते बाजारात कट्ट्यावर बसून माणसं मोजली तेव्हा. भाजीवाली उकिडवी बसते तेव्हा तिचे गुडघे कुठे येतात, जड पिशवी धरलेल्याचा खांदा कुठल्या बाजूला कलतो, हे आधी डोळ्यांत साठवलेलं नसेल तर परीक्षेच्या दिवशी आठवणार काय?

३. संकल्पचित्राचा, म्हणजे नक्षीच्या रचनेचा, रंग एकदाच आणि पुरेसा कालवा. पोस्टर कलरची तीच छटा दुसऱ्यांदा सहसा जुळत नाही. पुन्हा, वाळल्यावर ती ओली असतानापेक्षा वेगळी दिसते. आधी कागदाच्या कोपऱ्यात लावून वाळू द्या.

४. भूमितीच्या पेपरात रचनेच्या फिकट रेषा पुसू नका. उत्तर ठळक करा. उत्तर कसं आलं ते त्या फिकट रेषाच सांगतात.

५. चित्रकलेचा तास हक्काने मागा.

इंटरमिजिएटला महिना उरला असताना आमच्या शाळेने चित्रकलेचे तास गणिताला दिले. बाई काही बोलल्या नाहीत. आम्हाला शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसवून शिकवलं. ते मला अजून खुपतं. गणिताचा तास चित्रकलेला दिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

पालक मला पहिल्यांदा विचारतात ते दहावीच्या वाढीव गुणांबद्दल. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर ७, ब ला ५, क ला ३. गुण मिळावेत, माझी हरकत नाही. पण तेवढ्यासाठीच आलेलं मूल प्रमाणपत्र मिळालं की रंगपेटी माळ्यावर टाकतं, आणि सातवीत अडखळत रेघ ओढणारा हात नुकता कुठे मोकळा झालेला असतो.

म्हणून दर जूनमध्ये वेळापत्रक लागायच्या आधी मी मुख्याध्यापकांच्या दारात उभी असते. यंदा आठवीला सोमवारी दोन तास सलग मिळाले. वस्तुचित्राला तेवढे लागतातच. पहिला जवळजवळ सगळा बघण्यातच जातो.