शेतराखणीची बंदूक : नळीचे माप आणि काडतुसाचे माप

पीक संरक्षण म्हटले की फवारणी पंप, कीटकनाशके आणि कामगंध सापळे डोळ्यांसमोर येतात. परंतु दाणे भरत आलेला भात, कणसे धरलेला मका किंवा मोठ्या बांधणीचा ऊस एका रात्रीत लोळवणारी रानडुकरे कोणत्याही औषधाला दाद देत नाहीत. त्यामुळे कोकणात, घाटमाथ्यावर आणि विदर्भात जंगलालगतच्या अनेक घरांत आजही परवान्याची बंदूक असते. कित्येकदा ती वडिलोपार्जित असते आणि तिच्याबरोबर काडतुसांचा डबाही वारशाने येतो. त्या डब्यात आजोबांच्या वेळची कागदी काडतुसे, विकून टाकलेल्या बंदुकीची उरलेली काडतुसे आणि नवी प्लॅस्टिकची काडतुसे एकत्र पडलेली असतात. तणनाशकाच्या डब्यावरील लेबल चष्मा लावून वाचणारे शेतकरी बंधू काडतुसावरचा आकडा मात्र वाचत नाहीत. वास्तविक तणनाशकातील चूक एका हंगामाचे नुकसान करते, काडतुसातील चुकीने हात किंवा डोळा कायमचा जातो.

बोअर म्हणजे काय?

छऱ्याच्या बंदुकीच्या नळीचे माप जुन्या इंग्रजी पद्धतीने सांगितले जाते. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यावी. अशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम भरले, तर ती नळी १२ बोअरची. तिची प्रत्येक गोळी ३७.८ ग्रॅमची आणि नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्यांचा पौंड झाला तर २० बोअर, व्यास सुमारे १५.६ मिलिमीटर. १६ बोअरचा व्यास सुमारे १६.८ मिलिमीटर येतो. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. सुताच्या नंबरासारखा हा उलटा हिशेब आहे. याला अपवाद .४१० या बंदुकीचा. तिथे आकडा थेट इंचातील व्यास सांगतो (सुमारे १०.४ मिलिमीटर).

आपल्या राज्यात १२ बोअर सर्वांत जास्त आढळते व तिची काडतुसेही सहज मिळतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ती बनत आली आहेत. परंतु जुन्या घरांतून १६ व २० बोअरच्या विलायती बंदुका अजून आहेत आणि घोटाळा तिथेच होतो.

२० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या बंदुकीत घातले तर ते मागे अडत नाही. ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेतून, पुढे सरकते आणि नळी जिथे निमुळती होते तिथे कडेवर अडकून बसते. चाप ओढला तर बार होत नाही, कारण टोच तिथपर्यंत पोहोचत नाही. बंदूक उघडली तर चेंबर मोकळे दिसते. रात्रीची वेळ, समोर डुकरांचा कळप, गडबडीत माणूस दुसरे, या वेळी बरोबर मापाचे १२ बोअरचे काडतूस भरतो. ते उडाले की त्याचा मारा पुढच्या अडकलेल्या काडतुसावर होतो आणि नळी फाटते, तीही नेमकी डाव्या हाताच्या पंजाजवळ. अमेरिकेत २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा रिवाज याच कारणाने पडला. मात्र रंगावर विसंबू नये. काडतुसाच्या पितळी बुडावर माप ठोकलेले असते, ते बोटाने चाचपून व उजेडात वाचून मगच काडतूस खिशात टाकावे. ज्या घरात दोन बोअरच्या बंदुका आहेत त्या घरात दोन वेगळे डबे ठेवावेत आणि राखणीला जाताना खिशात एकाच मापाची काडतुसे असावीत.

काडतुसाची लांबी

बोअर जुळला म्हणजे काम झाले असे नाही. जुन्या विलायती १२ बोअरच्या अनेक बंदुकांचे चेंबर अडीच इंचाचे, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते. नवी काडतुसे ७० मिलिमीटरची, तर काही ७६ मिलिमीटरचीही असतात. ही लांबी उडालेल्या, म्हणजे तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. भरलेल्या काडतुसाचे तोंड दुमडलेले असल्याने लांब काडतूसही आखूड चेंबरमध्ये बिनतक्रार बसते. बार झाल्यावर मात्र त्याचे तोंड उलगडायला जागा मिळत नाही, छऱ्यांची वाट अरुंद होते आणि दाब धोकादायक वाढतो. आपली बंदूक अडीच इंची आहे की पावणेतीन, हे नळीच्या बुडाशी खालच्या बाजूस ठोकलेल्या खुणांवरून कळते. शिक्के पुसट झाले असतील तर परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावे.

काही जुन्या नळ्यांवर लाकडाच्या रेषांसारखी वळणावळणाची नक्षी दिसते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, वेटोळे करून, ठोकून जोडलेल्या या नळ्या आहेत. दिसायला अतिशय देखण्या, पण काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजची बिनधुराची दारू भरलेली काडतुसे त्यांत वापरू नयेत. अशी बंदूक भिंतीची शोभा म्हणून ठेवावी, आणि त्यासाठीही परवाना लागतोच.

ठासणीची बंदूक

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची छऱ्याची बंदूक देता येते. त्यामुळे सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे ठासणीच्या बंदुका बऱ्याच आढळतात. हिला काडतूस नसते, म्हणून मापाचा प्रश्न नाही असा समज आहे. प्रत्यक्षात येथे माप चुकण्याची शक्यता सर्वांत अधिक, कारण काडतूस कारखान्यात भरले जाते आणि ही बंदूक आपण स्वतः भरतो.

काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत कदापि घालू नये. काळी दारू आणि बिनधुराची दारू दिसायला दोन्ही काळपट दाणेदार असल्या तरी त्यांच्यात मोठा फरक आहे. बिनधुराची दारू थोड्या वजनात फार मोठा दाब निर्माण करते. काळ्या दारूच्या अंदाजाने ती ओतली तर नळी टिकत नाही.

दारू मुठीच्या अंदाजाने न घेता बंदुकीबरोबर ठरलेल्या मापानेच घ्यावी. दुसरी खबरदारी गजाची. नळी रिकामी असताना गज आत घालून तोंडाशी त्यावर खूण करावी, बरोबर एक बार भरल्यावर दुसरी खूण करावी. भरण्यापूर्वी गज घालून पाहिला की बंदूक भरलेली आहे की रिकामी हे अंधारातही कळते. एकाने संध्याकाळी भरून ठेवली आणि दुसऱ्याने मध्यरात्री त्यावर पुन्हा भरली, हा प्रकार या दोन खुणांनी टळतो. काळ्या दारूची राख ओल धरते व नळी गंजवते, म्हणून वापरानंतर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून तेलाचा हात द्यावा.

छऱ्यांचे नंबर

काडतुसावर एलजी, एसजी, एएए, बीबी किंवा १, ४, ६, ८ असे लिहिलेले असते. हे बोअरचे माप नव्हे, आतल्या छऱ्यांचे आहे. एलजीचा छरा सुमारे ९ मिलिमीटर, एसजीचा ८.४, बीबीचा ४.१, ४ नंबरचा ३.१ आणि ६ नंबरचा २.६ मिलिमीटर असतो. येथेही आकडा वाढला की छरा लहान होतो.

छरा जितका मोठा तितका तो लांब जातो. ठोकळ हिशेबाने ६ नंबरचा छरा फार तर २०० मीटर, बीबी ३०० मीटरच्या पुढे आणि एलजी ७०० मीटरपर्यंत जाऊ शकतो. तेवढ्या अंतरावर नेम लागत नाही, पण इजा होऊ शकते. सातशे मीटरमध्ये आपल्याकडे तीन शेतकऱ्यांच्या खोपी आणि एखादी वाडी येते. म्हणून पिकाच्या उंचीवर, आवाजाच्या रोखाने बार टाकू नये. डुकराची चाहूल आणि बांधावरून येणाऱ्या माणसाची चाहूल अंधारात सारखीच असते.

रायफलीचे बोअर

गावातील एखाद्याकडे .३१५ ची रायफल असते. हा आकडा इंचाचा आहे, म्हणजे बरोबर ८ मिलिमीटर. मूळचे हे ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे काडतूस. ते आपल्याकडे कसे रुजले याचे कारण कायद्यात आहे. लष्कर वापरते ते काडतूस प्रजेच्या हाती जाऊ नये, असे इंग्रजांचे धोरण होते. लष्कराची रायफल .३०३ ची, म्हणून नागरिकांना .३१५ ची. स्वातंत्र्यानंतरही ही विभागणी राहिली. .३०३, ७.६२ मिलिमीटर आणि ९ मिलिमीटर ही मापे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. .३२ चे रिव्हॉल्व्हर आपल्याकडे इतके प्रचलित होण्यामागेही हेच कारण. यात एक मेख आहे. .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल यांचा आकडा एक असला तरी काडतुसे निरनिराळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब, तर पिस्तुलाचे आखूड असते. दुकानात नुसता आकडा न सांगता परवाना व शस्त्राचा प्रकार दाखवूनच खरेदी करावी.

रायफलीची गोळी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. दाट वस्तीच्या शिवारात पीक राखण्यासाठी ती उपयोगाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काडतुसे कोठे ठेवावीत?

हा विषय शेतकऱ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यानंतर आपोआप तडकलेली आढळत. ही काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात असत. घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया वायू, हवेतील दमटपणा आणि ठोकून घडवताना पितळेत राहिलेला ताण या तिन्हींचा हा परिणाम होता. त्याचा शास्त्रीय उलगडा १९२१ मध्ये झाला.

आपले घर पाहावे. माजघराला लागून गोठा, माळ्यावर युरियाची पोती आणि त्याच माळ्यावर काडतुसांचा डबा, अशी मांडणी सर्रास असते. गोमूत्रातील युरिया आणि पोत्यातील युरिया एकच. ओल आणि युरिएज हे विकर मिळाले की त्यापासून अमोनिया सुटतो. गोठ्यात शिरताना नाकाला जी उग्र झिणझिणी येते ती हीच. म्हणून काडतुसे गोठा, खते व कीटकनाशके यांपासून दूर, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात आणि कुलपात ठेवावीत. त्यांना तेल लावू नये. तेल टोपीत झिरपून काडतूस नासते. चुलीच्या उबेला वाळवणे हा तर शुद्ध अविचार होय.

कागदी काडतुसे कोकणातील पावसाळ्यात फुगतात व चेंबरमध्ये जात नाहीत. ती जोर लावून बसवू नयेत. बुडाला तडा, हिरवा गंज किंवा फुगवटा दिसला तर काडतूस बाजूला काढावे. सर्दावलेल्या काडतुसाचा बार कधी फुसका होतो. अशा वेळी डट्टा नळीतच अडकलेला असू शकतो, म्हणून नळी आरपार पाहिल्याशिवाय दुसरा बार टाकू नये. बार झालाच नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच बंदूक उघडावी.

परवाना व इतर बाबी

ज्या बोअरची बंदूक परवान्यावर आहे त्याच बोअरची व परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच काडतुसे बाळगता येतात. बंदूक विकली किंवा परवानाधारक वारले, पण काडतुसे घरात राहिली, तर ती विनापरवाना ठरतात. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. विहिरीत टाकू नयेत, जाळू तर मुळीच नयेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, हेही लक्षात ठेवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला उपद्रव देणारे रानडुक्कर मारण्यासही अधिकृत वन अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. गवा अनुसूची १ मधील प्राणी असून त्याच्या बाबतीत नियम याहून कडक आहेत. नुकसान झाल्यास वन विभागाकडे भरपाईचा अर्ज वेळेत करावा.

निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा करण्यास सांगितले जाते. विधानसभेच्या २०१९ आणि २०२४ च्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन भात कापणीच्या सुमारास आल्या. या काळात राखणीसाठी बंदूक ठेवणे आवश्यक असेल तर जिल्ह्याच्या छाननी समितीकडे वेळीच अर्ज करावा. जमा केलेली बंदूक परत मिळाल्यावर लगेच भरू नये. नळ्यांत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असू शकते आणि तेवढा मातीचा गोळाही नळी फाडण्यास पुरेसा असतो. बंदूक उघडून नळी उजेडाकडे धरावी, गजाला कोरडे फडके गुंडाळून दोन-तीन वेळा आरपार फिरवावे, गंज पाहावा आणि नंतरच, डब्यातील प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा आकडा वाचून, ती राखणीला न्यावी.