टक्केवारीने टाकी भरत नाही

इंधनासाठी सूक्ष्मशैवालं वाढवण्यात बरीच वर्षं घालवल्यावर सांगण्यासारखं हे एवढंच.

१. जो येतो तो आधी विचारतो, तेल किती टक्के? तेवढंच पाहायचं तर बॉट्रिओकॉकस ब्राउनीचा हात कोणी धरणार नाही. कोरड्या वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोकार्बन मिळाल्याच्या नोंदी आहेत. त्याचा पुंजका सूक्ष्मदर्शकाखाली घ्या आणि वरची पातळ काच हलकेच दाबा. पुंजक्यातून तेलाचे थेंब पाझरताना दिसतात. नवखा माणूस तिथेच भाळतो. पण याला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. क्लोरेला जमून आलं तर एका दिवसातच दुप्पट होतं.

२. नायट्रोजन तोडला की पेशीत तेल साठतं, पण वाढ खुंटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात सुमारे ३,००० वाण गोळा करून हेच पाहिलं: टक्केवारी वाढली, एकूण तेल वाढलं नाही.

३. उघड्या तळ्यात मालकी आपली नसते. त्याच अमेरिकी प्रकल्पाच्या तळ्यांत बाहेरून आणलेल्या वाणांना तिथल्याच रानटी जातींनी हुसकावलं. शिवाय शैवाल खाणारे सूक्ष्म रोटिफर शिरले की हिरवंगार पाणी बघता बघता फिकं पडतं. म्हणून वाण जवळच्या तळ्यातूनच उचलावा. नाहीतर इतरांना न सोसणारं पाणी धरावं: मिठागरासारख्या खारट पाण्यात डुनालिएला, लोणारसारख्या अल्कधर्मी पाण्यात स्पिरुलिना. स्पिरुलिनात तेल मात्र जेमतेम, बायोडिझेलला ती कुचकामी.

४. खरी कसोटी काढणीची. उघड्या तळ्यात लिटरमागे जेमतेम अर्धा-एक ग्रॅम शेवाळ असतं. म्हणजे किलोभर मालासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी उपसायचं. नॅनोक्लोरॉप्सिस तेलाला उत्तम, समुद्राच्या पाण्यात वाढणारं, पण पेशी दोन-चार मायक्रॉनची. कापडात ती थांबत नाही. सेंट्रिफ्यूज लावलं की विजेचं बिल बघून तेलाचं कौतुक ओसरतं. स्पिरुलिनाचे धागे तेवढे बारीक कापडावर मुकाट अडकतात. तेल नाही तिथे काढणी सोपी, हा या धंद्यातला चावटपणाच.

५. प्रकल्प अहवालात तेलाचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल, तर आधी काढणीचा आणि वाळवणीचा खर्च मागा. क्लोरेला, स्पिरुलिना, डुनालिएला आजही विकली जातात ती पूरक अन्न आणि बीटा-कॅरोटिन म्हणून. डिझेलच्या भावात त्यातलं एकही परवडत नाही.