हुंकार देत राहा

मेल-प्रॉक्सी लिहायला बसलायस ना, मग आधी एवढं डोक्यात पक्कं कर: क्लायंटला प्रॉक्सी दिसतच नाही. त्याच्या लेखी सर्व्हरच गप्प आहे. पीओपी३ मध्ये त्याने 'आरईटीआर' म्हटलं, तू अख्खं मेल ओढून घेतलंस आणि झिप उलगडून व्हायरस शोधत बसलास. त्याला मात्र एक बाइट मिळालेला नाही. आउटलुक एक्स्प्रेसचा टाइमआउट मुळात एका मिनिटाचा. मिनिट सरलं की कनेक्शन तोडायचा, आणि पुढच्या खेपेला तेच मेल पहिल्यापासून मागायचा. असं एकच जाडजूड मेल सगळी इनबॉक्स अडवून धरतं.

'टाइमआउट वाढवून घ्या' असं कुणीही सांगेल. पण प्रत्येक टेबलावर जाऊन वाढवणार कोण? गोष्ट ऐकणारा 'हं, हं' करतो ना, तसा तू हुंकार देत राहा. '+ओके' पाठव आणि तपासणी चालू असेपर्यंत दर काही सेकंदांनी 'एक्स-'ची एक बिनकामाची हेडरओळ सोड. पॉपफाइल नावाचं मेल-प्रॉक्सी हेच करायचं: 'एक्स-पॉपफाइल-टाइमआउटप्रिव्हेन्शन', पुढे एक आकडा. कुणाच्या नजरेतही येत नाही.

मूळ मेलच थोडंथोडं का सोडू नये? कारण गेलेला बाइट परत घेता येत नाही, आणि '+ओके'नंतर '-ईआरआर' म्हणायची सोय नाही. नुसत्या फालतू ओळी गेल्या असतील, तर व्हायरस सापडला तरी मेलच्या जागी इशारा देता येतो. फक्त रिकामी ओळ सोडू नकोस, तिथे हेडर संपतात. पलीकडचा सर्व्हरही घड्याळ लावून असतो (आरएफसी १९३९ प्रमाणे किमान 10 मिनिटं). उशीर होतोय असं दिसलं तर त्याला 'एनओओपी' पाठव.

एसएमटीपीत ही युक्ती चालवू नकोस. बहुओळी उत्तरात सगळ्या ओळींचा कोड एकच लागतो. '250-' गेलं की मेल स्वीकारल्यात जमा. शेवटच्या टिंबानंतर पाठवणाऱ्याने 10 मिनिटं थांबावं असं आरएफसी ५३२१ म्हणतो, पण टेबलावरचे क्लायंट एवढा धीर धरत नाहीत. ते पुन्हा पाठवतात आणि पलीकडे मेलच्या दोन प्रती पडतात. हे दुखणं 1988 च्या आरएफसी १०४७ मध्येच नोंदलेलं आहे. म्हणून एसएमटीपीत मेल आधी रांगेत ठेव, लगेच उत्तर दे, मग सावकाश तपास.

आणि चाचणी घेशील ती मंद लाइनवर, मोठी झिप जोडून घे. ऑफिसच्या लॅनवर सगळंच चालतं.