हाडातील गाठ आणि क्ष-किरण चित्राचे गुणांकन

हाडात उद्भवणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. काही मात्र अल्पावधीत अवयव अथवा प्राणच हिरावून घेतात. या दोहोंतील भेदाची पहिली खूण साध्या क्ष-किरण चित्रात मिळते. परंतु एकाच चित्राचे वर्णन दोन डॉक्टरांनी दोन तऱ्हांनी केले, तर उपचाराची दिशा चुकण्याचा संभव असतो. म्हणून अशा निरीक्षणास ठराविक मोजमाप असणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेतील डॉ. ग्विलिम लॉडविक व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये असे वर्गीकरण मांडले. त्यामागील तत्त्व सोपे आहे. गाठ सावकाश वाढत असेल, तर हाडाला तिच्याभोवती तटबंदी उभारण्यास अवसर मिळतो व चित्रात पांढरी, रेखीव कड दिसते. वेग वाढला की ही कड प्रथम विरळ व पुढे पुसट होते. हा झाला पहिला वर्ग व त्याचे तीन पोटवर्ग. दुसऱ्या वर्गात हाड कसर लागलेल्या कापडासारखे दिसते. तिसऱ्यात सूक्ष्म छिद्रे पसरत जातात आणि गाठ कोठे संपते हेच उमगत नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या २०२३ मधील ‘बोन-रॅड्स’ पद्धतीत कडेबरोबरच हाडावरील आवरणाची प्रतिक्रिया, आतील झीज, गाठीमुळे झालेला अस्थिभंग, हाडाबाहेर पसरलेली गाठ व पूर्वीचा कर्करोग यांचाही विचार होतो. गुणांच्या बेरजेवरून धोक्याच्या चार पायऱ्या ठरतात.

मात्र गुणांक म्हणजे निदान नव्हे. हाडातील जंतुसंसर्गही कर्करोगासारखा भासू शकतो. अंतिम निर्णय गाठीचा तुकडा तपासूनच होतो. आणि तो तुकडा पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या सल्ल्यानेच काढावा. चुकीच्या जागी छेद घेतल्यास वाचू शकणारा अवयवही गमावण्याची वेळ येते.

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग विशेषतः १० ते २० वर्षे वयात आणि बहुधा गुडघ्यालगत आढळतो. खेळताना लागले असेल, असे समजून दुखणे अंगावर काढले जाते. कित्येकदा चोळण्यातच आठवडे जातात. विद्यार्थ्याचे दुखणे रात्रीही थांबत नसेल, सूज वाढत असेल, तर शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी पालकांना क्ष-किरण तपासणीचा आग्रह धरावा. केवळ अहवाल नव्हे, तर मूळ चित्रही जपून ठेवावे. कारण पुढील तज्ज्ञास गुण द्यावयाचे असतात ते त्या चित्रालाच.