घरगुती ‘चांदीचे पाणी’ : उपयोग किती, धोका किती?

चांदीमुळे जंतू मरतात, ही माहिती जुनी आहे. प्रतिजैविके येण्यापूर्वी डॉक्टर चांदीचे क्षार वापरीत. जर्मनीतील डॉ. कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या दशकात नवजात बालकांच्या डोळ्यांसाठी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब प्रचारात आणले. भाजलेल्या जखमेवर आजही सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम लावतात. याच आधारावर १९९० च्या दशकात अमेरिकेत बॅटरीवर घरच्या घरी ‘कलिल चांदी’, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी, तयार करण्याची पद्धत पसरली. हे पाणी पिण्यास, जनावरांना पाजण्यास व पिकांवर फवारण्यास चांगले, असे सांगितले जाते. त्यात तथ्य किती, हे शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेणे आवश्यक आहे.

उपकरण कसे चालते?

९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की २७ व्होल्ट दाब मिळतो. दोन टोकांना चांदीच्या तारा जोडून त्या डिस्टिल्ड वॉटरच्या ग्लासात सोडतात. धन टोकाच्या तारेतून चांदीचे आयन पाण्यात उतरतात. ऋण टोकाच्या तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे दिसतात व थोडी चांदी पुन्हा जमते. काही आयनांचे सूक्ष्म कण होतात. त्यामुळे पाण्याला पिवळसर छटा येते.

येथे तीन अडचणी आहेत. पहिली, विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात क्लोराईड असते. त्याच्याशी संयोग होऊन सिल्व्हर क्लोराईड बनते व पाणी दुधाळ होते. काम लवकर व्हावे म्हणून चिमूटभर मीठ टाकल्यास हेच अधिक प्रमाणात घडते. दुसरी, जुने पैंजण किंवा जोडवी वापरल्यास त्यांतील तांबे व इतर धातूही पाण्यात उतरतात. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. चांदी विरघळू लागली की पाण्यातून वीज अधिक वाहते, वीज वाढली की चांदी आणखी वेगाने विरघळते. त्यामुळे कालच्या व आजच्या ग्लासातील मात्रा सारखी राहत नाही.

मात्रेचा हिशेब

१ मिलिअँपिअर विद्युतप्रवाह १ तास वाहिला तर जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी विरघळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००) चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. पाव लिटरच्या ग्लासासाठी हिशेब असा होतो :

• १ मिलिअँपिअर, १५ मिनिटे : लिटरला ४ मिलिग्रॅम, मर्यादेच्या ४० पट
• १ मिलिअँपिअर, १ तास : लिटरला १६ मिलिग्रॅम, मर्यादेच्या १६० पट
• ५ मिलिअँपिअर, १ तास : लिटरला ८० मिलिग्रॅम, मर्यादेच्या ८०० पट

हे कमाल आकडे आहेत. काही चांदी तारेवर व तळाशी बसते. पण १६ पैकी दहावा भाग जरी पाण्यात राहिला, तरी तो मर्यादेच्या १६ पट होतो. डोळ्यांनी किंवा चवीने ही मात्रा ओळखता येत नाही. टी.डी.एस. मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, चांदी नेमकी किती ते सांगत नाही. चांदीच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याशीही याची तुलना करू नये. भांड्यातून अत्यल्प चांदी उतरते, बॅटरी मात्र ती जोराने उतरवते.

माणसांवरील परिणाम

शरीरात गेलेल्या चांदीचा काही भाग त्वचेत साठतो आणि उन्हाने काळवंडतो. पूर्वी फोटोचा कागद उजेडात काळा पडे, तसाच हा प्रकार आहे. या विकाराला आर्जिरिया म्हणतात. त्वचा कायमची निळसर-करडी होते व औषधाने पूर्ववत होत नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील स्टॅन जोन्स यांनी १९९९ मध्ये, संगणकांच्या २००० सालच्या गोंधळात प्रतिजैविके मिळणार नाहीत या भीतीने, असे पाणी घरी करून पिण्यास सुरुवात केली. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा निळसर झालेला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच, चांदीयुक्त अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा नियम केला. चांदीमुळे टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके व थायरॉईडचे थायरॉक्सिन ही औषधेही शरीरात नीट शोषली जात नाहीत.

जनावरांसाठी वापरावे काय?

वापरू नये. कासदाहात (दगडी) सडात असे पाणी सोडल्यास उपचाराचा वेळ वाया जातो आणि सड कायमचा निकामी होण्याची भीती असते. मात्रा माहीत नसल्याने दूध किती दिवस वेगळे काढावे, हेही कोणी सांगू शकत नाही. दुधात गुठळ्या दिसताच किंवा कास गरम व कडक लागताच पशुवैद्यकास बोलवावे. धार काढल्यानंतर सड ०.५ टक्का पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत.

शेतीत चांदीचा खरा उपयोग

शेतीत चांदीला स्थान आहे, परंतु ते मोजून-मापून. चांदीचे आयन वनस्पतीतील इथिलीनची क्रिया रोखतात. म्हणून केवळ मादी फुले देणाऱ्या काकडीच्या वाणांचे बीजोत्पादन करताना, रोपे २ ते ४ पानांवर असताना सिल्व्हर नायट्रेट फवारून नर फुले आणतात. कार्नेशनची कापलेली फुले जास्त दिवस टिकावीत म्हणून सिल्व्हर थायोसल्फेट वापरतात. दोन्हींत रसायन वजन करून घेतलेले असते व मात्रा ठरलेली असते. घरच्या ग्लासातील पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय चांदी उपयुक्त व अपायकारक जंतूंत भेद करीत नाही. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळविणारे जिवाणू वापरणाऱ्यांनी हे पाणी बियाण्याला किंवा जमिनीत देणे म्हणजे स्वतःच्या पैशाने आणलेले जिवाणू स्वतःच मारणे होय.

पर्याय काय?

१. पिण्याचे पाणी गाळून खळखळ उकळावे, अथवा क्लोरिनने शुद्ध करावे. ३३ टक्के क्लोरिन असलेली टी.सी.एल. पावडर स्वच्छ पाण्यास १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून, वरची निवळी पाण्यात मिसळावी व एक तासानंतर पाणी वापरावे.

२. टी.सी.एल. कोरड्या जागी, बंद डब्यात ठेवावी. उघडी राहिल्यास तिच्यातील क्लोरिन उडून जाते. ओ.टी. चाचणीने पाण्यातील शिल्लक क्लोरिन तपासून घ्यावा.

३. चांदीचा लेप असलेली मान्यताप्राप्त गाळणी वापरण्यास हरकत नाही. मात्र कांडी ठरलेल्या मुदतीत बदलावी.

४. चांदीचे पाणी घेत असल्यास ते थांबवावे व डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

बिनलेबलच्या बाटलीतील औषध आपण पंपात भरत नाही, कारण मात्रा ठाऊक नसते. तोच नियम स्वतःच्या पोटाला व गोठ्यातील जनावरांनाही लावावा.