पिचिची पारितोषिक : गोलांची मोजणी व तिचा अर्थ

(इयत्ता ६ वी व ७ वी. गणित, भूगोल व खेळ यांच्या समवायासाठी पाठ)

पाठाचा हेतू

सरासरीचा पाठ घेताना पावसाची, दुधाची किंवा क्रिकेटमधील धावांची उदाहरणे देण्याची प्रथा आहे. ती उपयुक्त आहेतच. तथापि उदाहरणातील आकडा कोणी मोजला, कोणत्या नियमाने मोजला आणि मोजताना काय वगळले गेले, याचा विचार अशा वेळी सहसा होत नाही. आकडा तयार मिळतो व मुले भागाकार करून मोकळी होतात. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत वर्षभरात सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूस जे पारितोषिक दिले जाते, ते या दृष्टीने चांगले अध्यापन-साधन आहे. प्रस्तुत पाठासाठी स्पेन देशातील पिचिची पारितोषिक निवडले आहे. मुलांना बेरीज, सरासरी व शेकडेवारी यांचा सराव व्हावा, आणि आकडा खरा असला तरी तो सगळी हकीकत सांगत नाही, ही गोष्ट त्यांना स्वतः गणित करून कळावी, असा या पाठाचा दुहेरी हेतू आहे.

नावामागील खेळाडू

आरंभी शिक्षकाने नकाशावर स्पेन दाखवावा व त्याच्या उत्तरेकडील बिल्बाओ हे शहर मुलांकडून शोधून घ्यावे. याच शहरात २३ मे १८९२ रोजी राफाएल मोरेनो आरांझादी या खेळाडूचा जन्म झाला. अंगाने तो लहानखुरा होता. लोक त्याला ‘पिचिची’ या लाडक्या नावाने ओळखीत. डोक्याला पांढरे वस्त्र बांधून तो मैदानात उतरे. १९११ पासून तो अॅथलेटिक बिल्बाओ या संघातर्फे खेळू लागला. त्याच्या काळात या संघाने राजाच्या नावाने खेळली जाणारी राष्ट्रीय चषक स्पर्धा चार वेळा जिंकली. १९१३ च्या ऑगस्टमध्ये संघाचे सान मामेस हे मैदान सुरू झाले, तेव्हा त्यावरील पहिला गोल पिचिचीने केला. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत रौप्यपदक मिळविणाऱ्या स्पेनच्या संघातही तो होता. १९२१ मध्ये त्याने खेळणे सोडले व पंचाचे काम पत्करले. परंतु १ मार्च १९२२ रोजी, तिशी गाठण्यापूर्वीच, तापाच्या आजाराने त्याचे निधन झाले. १९२६ मध्ये सान मामेस मैदानावर त्याचा अर्धपुतळा उभारण्यात आला. त्या मैदानावर प्रथमच खेळावयास येणाऱ्या संघाचा कर्णधार पुतळ्याजवळ पुष्पगुच्छ ठेवतो, अशी तेथील रीत आहे.

येथे शिक्षकाने एक प्रश्न विचारावा : स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९२९ साली सुरू झाली, तर पिचिचीने तिच्यात किती गोल केले असतील? उत्तर शून्य असे येते. ज्याच्या नावाने हे पारितोषिक ओळखले जाते, त्याचे नाव या स्पर्धेच्या गोलांच्या यादीत एकदाही नाही. ही विसंगती मुलांच्या ध्यानात सहज राहते, आणि यादी केव्हापासून व कशाची, हे पाहिल्याखेरीज यादीवरून निष्कर्ष काढू नये, हा पहिला धडा तिच्यातून मिळतो.

पारितोषिकाची रीत

हे पारितोषिक स्पेनमधील ‘मार्का’ हे क्रीडाविषयक वृत्तपत्र देते. १९५२-५३ च्या हंगामापासून ते देण्याचा प्रघात पडला. त्यापूर्वीच्या वर्षांतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडूही पुढे याच नावाखाली गणले जाऊ लागले. अॅथलेटिक बिल्बाओचा टेल्मो झर्रा १९४५ ते १९५३ या अवधीत सहा वेळा या यादीत अग्रभागी होता. पुढे बार्सिलोना संघाच्या लिओनेल मेसीने २०१० ते २०२१ या काळात आठ वेळा हा मान मिळविला.

नियम वरवर पाहता सोपा आहे : हंगामात ज्याचे गोल अधिक, तो पहिला. परंतु गोल कोणाचा, हे ठरविणे नेहमीच सोपे नसते. १८ सप्टेंबर २०१० रोजी रेआल माद्रिद व रेआल सोसिएदाद यांच्या सामन्यात क्रिस्तियानो रोनाल्दोने फ्री किक मारली. तो चेंडू त्याच्याच संघातील पेपे या खेळाडूच्या पाठीला लागून दिशा बदलून गोलात गेला. सामन्याच्या अधिकृत नोंदीत हा गोल पेपेच्या नावे लिहिला गेला. ‘मार्का’ने तो रोनाल्दोच्या नावे धरला. परिणामी हंगामाच्या अखेरीस अधिकृत हिशेबात रोनाल्दोचे ४० गोल झाले व वृत्तपत्राच्या हिशेबात ४१. दोन्ही हिशेबांनी पहिला क्रमांक त्याचाच राहिला, म्हणून पारितोषिकाच्या निर्णयात अंतर पडले नाही. तथापि एकाच घटनेचे दोन आकडे कागदावर कायम राहिले आहेत.

हा प्रसंग वर्गात चर्चेसाठी घ्यावा. कोणता आकडा बरोबर, हे शिक्षकाने घाईने सांगू नये. चेंडू मारणाऱ्याचा गोल धरावा की ज्याच्या अंगाला लागून तो आत गेला त्याचा, याची कारणे मुलांना मांडू द्यावीत. मोजणीपूर्वी नियम ठरला पाहिजे आणि तो सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे, येथवर मुले बहुधा आपण होऊन येतात.

बेरीज व सरासरी

पुढील तक्ता फळ्यावर लिहावा :

टेल्मो झर्रा, १९५०-५१ : सामने ३०, गोल ३८
ह्यूगो सांचेझ, १९८९-९० : सामने ३५, गोल ३८
लिओनेल मेसी, २०११-१२ : सामने ३७, गोल ५०

केवळ बेरीज पाहिली तर झर्रा व सांचेझ समान ठरतात. सरासरी काढली असता झर्राचे दर सामन्यास सुमारे १.२७, सांचेझचे १.०९ व मेसीचे १.३५ गोल येतात. पिचिची पारितोषिकात बेरीज धरली जाते, सरासरी नव्हे. म्हणून दुखापतीने काही सामने मुकलेला चांगला खेळाडूही मागे पडू शकतो.

याउलट, हेच वृत्तपत्र गोलरक्षकांसाठी जे पारितोषिक देते, त्यात सरासरी धरतात. रिकार्दो झामोरा या ख्यातनाम गोलरक्षकाच्या नावाने ते दिले जाते. हा झामोरा १९२० च्या ऑलिंपिक संघात पिचिचीचा सहकारी होता. १९९३-९४ च्या हंगामात देपोर्तिवो ला कोरुन्या संघाच्या लियान्यो या गोलरक्षकाने ३८ सामन्यांत फक्त १८ गोल होऊ दिले. दर सामन्याची सरासरी सुमारे ०.४७ येते. या पारितोषिकासाठी ठराविक किमान सामने खेळलेले असावे लागतात. असा नियम का हवा, हे मुलांना विचारावे. एकच सामना खेळून एकही गोल न होऊ देणाऱ्याची सरासरी शून्य होईल व तो पहिला येईल, हे चुणचुणीत विद्यार्थी लगेच ओळखतील.

आकड्याबाहेरचे खेळाडू

पाठाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्यास पुरेसा वेळ द्यावा. २०११-१२ मध्ये मेसीने ५० गोल केले. त्या हंगामात बार्सिलोना संघाचे एकूण गोल ११४ होते. मेसीचा वाटा शेकडा सुमारे ४४ पडतो. उरलेले ६४ गोल त्याच्या सहकाऱ्यांचे, अथवा प्रतिपक्षाकडून स्वतःच्याच गोलात गेलेल्या चेंडूंचे. इतके असूनही त्या वर्षी विजेतेपद रेआल माद्रिदला मिळाले. त्या संघाने १२१ गोल करून १०० गुण मिळविले. बार्सिलोनाचे गुण ९१ झाले. १९५०-५१ मध्ये झर्राने ३८ गोल केले, पण विजेता ठरला अॅटलेटिको माद्रिद. २०१०-११ मध्ये रोनाल्दो पहिला आला, पण विजेतेपद बार्सिलोनाकडे गेले. सांचेझचे उदाहरण मात्र वेगळे आहे : १९८९-९० मध्ये त्याचा रेआल माद्रिद संघच विजेता ठरला, व संघाच्या १०७ गोलांपैकी ३८, म्हणजे शेकडा सुमारे ३५.५, त्याचे होते. सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ज्या संघात असेल तोच संघ जिंकेल, असा नियम नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

आता गोल होतो कसा, याकडे लक्ष वेधावे. सांचेझचे ते ३८ गोल चेंडू पायाशी न थांबविता एकाच स्पर्शात केलेले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एका स्पर्शात गोल व्हावयाचा, तर चेंडू नेमक्या जागी व नेमक्या क्षणी पोचविणारा कोणी तरी लागतो. झर्राच्या वेळी बिल्बाओची आघाडी इरिओंदो, वेनान्सिओ, झर्रा, पानिझो व गाइंझा अशा पाच जणांची होती. डाव्या बगलेवरून गाइंझाने चेंडू उंच द्यावा व मध्यभागी झर्राने तो डोक्याने गोलात घालावा, हे दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांच्या परिचयाचे होते. पारितोषिकाच्या यादीत झर्रा सहा वेळा आहे; गाइंझा एकदाही नाही. यादी खोटी नाही. तिला एकच प्रश्न विचारलेला आहे, आणि तेवढ्याचेच उत्तर ती देते.

वर्गातील कार्य

शाळेच्या मैदानावर आठवड्यातून एकदा होणारा कोणताही सांघिक खेळ निवडावा. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना न दाखविता नोंद ठेवावी. वहीत तीन रकाने असावेत : गोल अथवा गुण कोणाचा, त्यास साहाय्य कोणाचे, प्रतिपक्षाचा गोल कोणी वाचविला. खेळ संपल्यावर दोन्ही वह्या ताडून पाहाव्यात. जेथे फरक पडेल तेथे खाडाखोड करू नये. दोन्ही नोंदी राहू द्याव्यात व वर्गाने विचार करून निर्णय खाली लिहावा. चार आठवड्यांनंतर प्रत्येक रकान्याची बेरीज व सरासरी काढून तक्ता भिंतीवर लावावा.

या तक्त्यात शिक्षकाने विशेष पाहावयाची गोष्ट अशी की, पहिल्या रकान्यात ज्या मुलाचे नाव कधीच येत नाही, ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या रकान्यात कितीदा आले आहे. एका रकान्याचा तक्ता लावला असता वर्गातील दोनचार मुलेच दिसतात. रकाने वाढविले की इतरही दिसू लागतात. प्रगतिपुस्तक भरतानाही हे ध्यानी ठेवणे हिताचे आहे. अधिक गुण मिळविणाऱ्याचे कौतुक अवश्य व्हावे, त्याने श्रम केलेले असतात; परंतु कौतुकाचा रकाना एकच असला की उरलेल्या मुलांना आपण मोजणीतच नाही असे वाटू लागते, आणि ते वाटणे शाळेत येण्याच्या उत्साहावर परिणाम करते.

सरावासाठी प्रश्न

१. रोनाल्दोने २०१०-११ मध्ये ३४ सामने खेळले. ४० गोल धरून व ४१ गोल धरून सरासरी काढा. फरक किती येतो?

२. एका खेळाडूने २० सामन्यांत २४ गोल केले व दुसऱ्याने ३० सामन्यांत २७. बेरजेने पहिला कोण? सरासरीने पहिला कोण? तुम्ही पारितोषिक कोणास द्याल? कारण लिहा.

३. संघातील सर्व खेळाडूंच्या गोलांची बेरीज संघाच्या एकूण गोलांइतकी नेहमीच येईल काय? न आल्यास का?

४. तुमच्या वर्गासाठी एक वार्षिक पारितोषिक सुचवा. ते कशाबद्दल द्यावे, मोजणी कोणी व कशी करावी, आणि त्या मोजणीत कोणाचे काम दिसणार नाही, हे पाच वाक्यांत लिहा.