उसाच्या दरावर जिनिव्हात आक्षेप का?

प्रश्न : आमच्या उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवते, पैसे कारखाना देतो. मग त्यावर परक्या देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार का करावी? ही संघटना करते तरी काय? भारताने तिच्यातून बाहेर पडावे, असे काही जण म्हणतात, ते बरोबर आहे का?
– एक ऊस उत्पादक वाचक

उत्तर : ‘पैसे कारखाना देतो’ हा भारत सरकारचाही युक्तिवाद होता. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर निर्यात करणाऱ्या देशांनी तक्रार केली, तेव्हा एफआरपी सरकारी तिजोरीतून जात नाही, मग ती सरकारी मदत कशी, असे भारताने विचारले. संघटनेच्या तज्ज्ञ समितीला ते पटले नाही. दर कायद्याने बांधून दिला की पैसे कोणीही देवोत, ती शेतकऱ्याला दिलेली मदतच, असा निकाल १४ डिसेंबर २०२१ रोजी लागला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारताने उसाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांची मर्यादा ओलांडली, असे समितीने म्हटले. साखर निर्यातीच्या अनुदानांवरही तिने बोट ठेवले.

ही मर्यादा आपणच सही केलेल्या करारातली आहे. एकमेकांच्या मालावर कर वाढवत नेण्याची चढाओढ थांबावी म्हणून १९४७ मध्ये २३ देशांनी ‘गॅट’ करार केला. त्यात भारत पहिल्यापासून होता. १९९१ च्या अखेरीस गॅटचे प्रमुख आर्थर डंकेल यांनी मांडलेल्या मसुद्यात शेतीही आली. अनेक संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी मात्र डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली. शेतमालाचे भाव आपलेच सरकार पाडते, बाजार खुला झाला तर शेतकऱ्याचे भले होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यातूनच ही मर्यादा आली आणि १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे आणि आज तिचे १६६ सदस्य आहेत.

तिची कामे तीन : व्यापाराचे नियम वाटाघाटीने ठरवणे, ते पाळले जातात का हे पाहणे आणि तंटे सोडवणे. मूळ नियम असा, की एका सदस्याला आयात करात सवलत दिली तर ती सगळ्यांना द्यायची. मुक्त व्यापार करारासारखे अपवाद आहेत, पण या नियमामुळे लहान देशाला प्रत्येक बड्या देशाच्या दारात वेगळे जाऊन हात जोडावे लागत नाहीत.

फायद्याचे ठळक उदाहरण कापसाचे आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव पडतात, अशी तक्रार ब्राझीलने २००२ मध्ये केली आणि जिंकली. २००९ मध्ये त्याला अमेरिकी मालावर जादा कर लावण्याची परवानगी मिळाली. अखेर २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

पण दोषही आहेत. पहिला म्हणजे संघटनेकडे पोलीस नाहीत. हरलेला देश ऐकत नसेल, तर जिंकलेल्याने त्याच्यावर व्यापारी निर्बंध लावायचे, एवढाच उपाय. अँटिग्वा या एक लाखाच्या आसपास वस्तीच्या देशाने ऑनलाइन जुगाराच्या खटल्यात अमेरिकेला हरवले, पण त्याने निर्बंध लावून अमेरिकेला कितीशी झळ बसणार? निकाल हातात असूनही त्याला भरपाईची वाटच पाहावी लागली.

दुसरा दोष तुमच्या शेताशी जोडलेला आहे. मदत मोजताना आजच्या दराची तुलना १९८६-८८ च्या जागतिक भावाशी होते. खत, डिझेल, मजुरी कितीही वाढो, मोजपट्टी तीच. त्यामुळे खर्च जेमतेम भरून काढणारा दरही कागदावर भलीमोठी मदत ठरतो. श्रीमंत देशांना मात्र जुनी मोठी अनुदाने ठरलेल्या मर्यादेत चालू ठेवण्याची वेगळी मुभा १९९५ मध्येच मिळाली. हा उघड अन्याय आहे. तो दूर करायचा तर सर्वांची सहमती लागते, आणि २००१ मध्ये दोह्यात सुरू झालेल्या वाटाघाटी त्या सहमतीवाचूनच रखडल्या.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. अपील ऐकणाऱ्या मंडळात सात सदस्य असतात आणि प्रत्येक अपिलासाठी तिघे लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या, त्यामुळे ११ डिसेंबर २०१९ पासून मंडळ बंद पडले आहे. साखरेच्या निकालावर भारताने केलेले अपीलही त्यामुळेच लटकले. त्यामुळे तो निकाल आपल्यावर लागू झालेला नाही. आज ही सोय वाटते. उद्या एखाद्या बड्या देशाने आपल्या मालावर मनमानी कर लावला आणि तक्रार जिंकूनही त्याने असेच अपील करून ठेवले, तर आपल्या हाती काय राहील?

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : बाहेर पडू नये. बाहेर पडलो तर १६५ देशांशी एकेकट्याने घासाघीस करावी लागेल, आणि तिथे बळाचाच शब्द चालतो. १९८६-८८ ची मोजपट्टी बदलावी आणि अपील मंडळ पुन्हा उभे राहावे, यासाठी भारताने आत राहूनच झगडले पाहिजे. तुमच्या खासदारांना पुढच्या भेटीत एफआरपीबरोबर या दोन मागण्यांबद्दलही जाब विचारा.